तारीख अचानक आली, कायदा नाही

21 नोव्हेंबर 2025, शुक्रवार. केंद्राने चारही लेबर कोड, म्हणजे कामगार कायद्यांच्या नव्या संहिता, त्याच दिवसापासून लागू केले, 29 जुने कायदे त्यात गेले, आणि रात्रीच्या जेवणाआधी आमच्या भोसरी एमआयडीसीतल्या उद्योजकांच्या ग्रुपवर रणधुमाळी सुरू झाली. "आता माणसाने धंदा करायचा की कायदे वाचत बसायचं" असं एकाने टाकलं, त्याला पन्नासएक अंगठे आले. टीव्हीवर युनियनचे पुढारी सांगत होते की शंभर वर्षांत लढून मिळवलेलं सगळं एका रात्रीत गेलं. सरकारी बाजूचे लोक सांगत होते की आता सगळं सोपं झालं, एक रजिस्ट्रेशन एक रिटर्न. मी तिन्ही बाजू ऐकत होतो आणि मला जाणवत होतं की यातल्या बहुतेकांनी कायदा उघडूनच बघितलेला नाही. मीसुद्धा बघितला नव्हता, आणि माझ्याकडे 26 माणसं कामाला आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कामगार कायदे बदलत राहणार, आणि त्या बदलांच्या मागावर राहणं हे मालकाचं स्वतःचं काम आहे, जसं स्टीलचा भाव काय चाललाय ते बघणं आपलं काम आहे तसंच. "एवढे कायदे, एवढे बदल, छोट्या माणसाला कसं झेपणार" ही तक्रार आपण गेली कित्येक वर्षं करतोय आणि तिच्यात तथ्य आहे, पुढे तेही लिहितो, पण त्या तक्रारीचा उपयोग आपण कायदा न वाचायला करतो हे मला आता पटेनासं झालंय. सरकारकडे मागण्यासारखं बरंच आहे. ते मागायचा हक्क मात्र वाचलेल्या माणसाला आहे.

हे मत मी काही पुस्तक वाचून बनवलेलं नाही. डिसेंबरच्या पगाराच्या दिवशी आमचा एक सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, दहा वर्षं पूर्ण झालेला माणूस, जेवणाच्या सुट्टीत केबिनमध्ये आला. हातात पगाराची स्लिप, तिची घडी चार वेळा घातलेली, आणि मोबाईलवर कुठलातरी फॉरवर्ड. म्हणाला, "शेठ, हे पन्नास टक्क्याचं आपल्याला लागू आहे का? यात लिहिलंय हातातला पगार कमी होणार." मी म्हटलं बघून सांगतो. तो गेल्यावर कन्सल्टंटला फोन लावला, ते म्हणाले थांबा हो, रूल्स येऊ द्यात, आत्ता काही करू नका. मी पुढे विचारलं की लागू आहे का नाही तेवढं तरी सांगा, तर म्हणाले तसं लागू आहे पण तुम्ही घाई करू नका. आता हे उत्तर मी त्या माणसाला कसं देणार? त्याचा प्रश्न साधा होता, मला मिळणारा पैसा बदलतोय का. पंधरा वर्षं मी पगार वाटतोय आणि मला त्याचं उत्तर येत नव्हतं. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं, कारण ड्रॉइंगमधल्या टॉलरन्सबद्दल त्याने विचारलं असतं तर मी जागच्या जागी सांगितलं असतं.

मग चार कोडपैकी पगाराचा जो, ती वेतन संहिता वाचायला घेतली. 69 कलमं आहेत, रोज रात्री थोडी थोडी वाचली तर आठवड्यात होते. पन्नास टक्क्याची गोष्ट अशी आहे की घरभाडं, कन्व्हेयन्स वगैरे जे भत्ते 'वेतना'च्या व्याख्येतून वगळलेत त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेली, तर वरचा भाग परत वेतनात धरायचा. त्या सेटरचा हिशोब मी कागदावर मांडला. समजा एकूण 40,000, त्यात बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 15,000, बाकी 25,000 वगळलेले भत्ते. निम्मे म्हणजे 20,000, त्याच्या वरचे 5,000 वेतनात येतात, म्हणजे वेतन झालं 20,000. पीएफ आम्ही 15,000 च्या मर्यादेवर कापतो, ती मर्यादा तशीच आहे, म्हणजे त्याच्या हातातला पगार एक रुपयाने कमी होत नाही. बदलते ती ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना वर्षांच्या हिशोबाने मिळणारी रक्कम. 15,000 ला 15 ने गुणून 26 ने भागायचं आणि वर्षांनी गुणायचं, दहा वर्षांचे होतात 86,538. वेतन 20,000 धरलं की तेच होतात 1,15,385. जवळजवळ 29 हजारांचा फरक, एका माणसामागे, आणि तो माझ्या खिशातून जाणार. म्हणजे त्याच्यापर्यंत पोचलेली अफवा त्याला घाबरवत होती आणि त्याच्या फायद्याची खरी गोष्ट त्याला कोणीच सांगितलेली नव्हती. मोठ्या आयटी कंपन्यांनी डिसेंबर 2025 च्या तिमाहीच्या निकालांत याच कारणाने वेगळी मोठी तरतूद दाखवली, त्यांच्याकडे असले हिशोब करणारे तज्ज्ञ, ॲक्च्युअरी, असतात. माझ्याकडे कॅल्क्युलेटर होता आणि तेवढ्यात भागलं.

आता समोरच्या बाजूचं बोलतो, कारण ती बाजू मी स्वतः पंधरा वर्षं मांडलेली आहे आणि तिच्यातलं खरं मला माहीत आहे. पहिलं म्हणजे मुदत. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा कौन्सिलचा निर्णय 3 तारखेला झाला आणि दर 22 पासून लागू झाले, म्हणजे 19 दिवस मिळाले, आणि तेवढ्यात अख्ख्या देशातल्या दुकानदारांनी बिलिंगचं सॉफ्टवेअर बदलून घेतलं. लेबर कोड मात्र जाहीर झाले त्याच दिवशी लागू. त्याआधी 1 एप्रिल 2021 ला येणार, मग 1 जुलै 2022 ला येणार अशा हुलकावण्या देऊन झालेल्या, त्यामुळे लांडगा आला रे आला असं होऊन कोणीच तयारीत नव्हतं. शिवाय तारीख आली तेव्हा नियम तयार नव्हते, मधल्या काळात जुन्या कायद्यांतल्या संबंधित तरतुदी आणि नियम चालू राहतील असं मंत्रालयाने सांगितलं, पण कुठलं जुनं कुठवर चालू हे शॉपफ्लोअरवर बसून ठरवायचं कसं? साबणाच्या किमतीला 19 दिवस आणि माणसांच्या पगाराला एक दिवसही नाही, हे चूकच आहे.

दुसरं, केंद्र आणि राज्य एकमेकांकडे बघून चालत नाहीत. त्याच सप्टेंबरमध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातले रोजचे तास 9 वरून 12 पर्यंत नेता येतील आणि तिमाहीत ओव्हरटाइम 115 वरून 144 तासांपर्यंत जाऊ शकेल असा निर्णय घेतला. अडीच महिन्यांत केंद्राचा सुरक्षा-आरोग्याचा कोड लागू झाला, त्यात लिहिलंय दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त नाही. आता माझ्या गाळ्यात यातलं काय चालतं हे मी तीन जाणकारांना विचारलं, तीन उत्तरं आली, आणि तिघेही प्रामाणिक होते.

तिसरं, मागच्या तारखेपासूनचे बदल. जुन्या लोकांना आठवत असेल, बोनसची पगारमर्यादा 10,000 वरून 21,000 केली ती दुरुस्ती आली 2015 च्या डिसेंबरात आणि लागू केली 1 एप्रिल 2014 पासून. म्हणजे ज्या वर्षाचा हिशोब बंद करून, बोनस वाटून, पेढे खाऊन झाले त्या वर्षाचा फरक परत द्या. काही हायकोर्टांनी त्या मागच्या तारखेला स्थगिती दिली ती उगाच नाही. आणि किती माणसांपासून कुठला कायदा या आकड्यांचं जंगल तर विचारूच नका, ईएसआयला (कामगार विम्याला) 10, पीएफला 20, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती 10 ला, पाळणाघर 50 ला, कंत्राटी कामगारांचा कायदा 50 ला, कारखान्याची व्याख्या पॉवर असेल तर 10 होती ती आता 20. नवव्या माणसाला कामावर घेताना आपण कामाचा विचार करतो, दहाव्याला घेताना कायद्याचा, आणि एकोणिसाव्याला घेतल्यावर पुढचा माणूस दुसऱ्याच्या नावावर दाखवतो. हे सगळे करतात असं मी म्हणत नाही पण करणारे मी बघितलेत आणि त्यांना तसं करायला कायद्यानेच वाट करून दिलीय हेही खरं.

एवढं सगळं मान्य करून मी विचारतो, तारीख अचानक आली, पण कायदा अचानक आला का? वेतन संहिता संसदेने ऑगस्ट 2019 मध्ये मंजूर केली. बाकीचे तीन कोड सप्टेंबर 2020 मध्ये. पन्नास टक्क्याची व्याख्या सहा वर्षं छापील स्वरूपात आपल्या डोळ्यासमोर पडून होती. त्याच्याही आधी, 28 फेब्रुवारी 2019 ला सुप्रीम कोर्टाने पीएफच्या प्रकरणात सांगून टाकलं होतं की सगळ्यांना सरसकट दिला जाणारा भत्ता हा नुसता नाव बदललेला बेसिक आहे, त्यावर पीएफ लागतो. आणि सगळे कायदे एकत्र करा ही शिफारस तर दुसऱ्या श्रम आयोगाची, रवींद्र वर्मांच्या अध्यक्षतेखालची, 2002 सालची. दारावर तेवीस वर्षं टकटक चालू होती. आपण बेसिक कमी दाखवून भत्ते फुगवत राहिलो कारण त्यात पीएफ वाचत होता, ग्रॅच्युइटी वाचत होती, आणि जे वाचत होतं ते कोणाचं होतं हे आपल्याला नीट माहीत होतं.

आणि आपण बदल वाचत नाही हे तरी खरं आहे का? 12 तासांची बातमी आली तेव्हा ग्रुपवर अर्ध्या तासात पीडीएफ फिरत होती. कामगार कपात करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा 100 वरून 300 केली हे त्या शुक्रवारी रात्रीच सगळ्यांना तोंडपाठ झालं, ज्यांच्याकडे तीस माणसं आहेत त्यांनासुद्धा, ज्यांना जुनी मर्यादाही कधी लागू नव्हती. पण त्याच कोडमालेत लिहिलंय की प्रत्येक माणसाला नेमणुकीचं पत्र द्यायचं, आणि ज्यांना आधी दिलेलं नाही त्यांना लागू झाल्यापासून तीन महिन्यांत द्यायचं. ही गोष्ट ग्रुपवर किती जणांनी टाकली? मी मागे जाऊन शोधलं, पहिला मेसेज फेब्रुवारीत होता, म्हणजे तीन महिने संपत आल्यावर. आपल्या सोयीचा बदल आपल्यापर्यंत विजेसारखा पोचतो आणि समोरच्याच्या हक्काचा बदल बैलगाडीने येतो. मग अडचण बदलांच्या संख्येत आहे असं मी कसं मानू?

जीएसटीचंच बघा ना. 2017 पासून त्यात किती बदल झाले, ई-वे बिल आलं, ई-इन्व्हॉइस आलं, त्याची टर्नओव्हरची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणली, दर बदलले. आपण पाळतो की नाही? 11 तारीख आणि 20 तारीख चुकत नाही, लग्नाच्या मांडवात बसूनसुद्धा माणूस ओटीपी सांगतो. कारण सोपं आहे, माझं रिटर्न चुकलं तर माझ्या कस्टमरचं क्रेडिट अडकतं आणि कस्टमर माझं पेमेंट अडकवतो. म्हणजे झेपत नाही हा मुद्दाच नव्हता कधी, जिथे समोरच्याच्या हातात आपली दोरी असते तिथे सगळं झेपतं. हेल्परच्या हातात दोरी नाही. तो पेमेंट अडकवू शकत नाही, फार तर काम सोडून जाऊ शकतो, आणि जाताना आपणच त्याचं पेमेंट अडकवतो.

हे शेवटचं वाक्य मी माझ्याबद्दलच लिहिलंय. दोन वर्षांपूर्वी एक ऑपरेटर काम सोडून चाकणला गेला. त्याचं फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशोब, आम्ही दोन महिने ठेवून दिलं, कारण काही नव्हतं, आमच्याकडे तशी पद्धतच होती, पुढच्या महिन्याच्या पगारात बघू असं म्हणायची. तो तीन वेळा आला. दोनदा ऑफिसातल्या मुलाने परत पाठवलं, तिसऱ्यांदा मी स्वतः म्हटलं की सोमवारी ये. त्याने त्या तिन्ही वेळा नव्या नोकरीतला अर्धा-अर्धा दिवस बुडवला असणार. आता वेतन संहितेचं कलम 17 वाचताना मला तो मुलगा आठवला, राजीनामा दिला असला तरी दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता करायचा असं त्यात स्पष्ट लिहिलंय. ग्रुपवर या कलमावर फार ओरड झाली, दोन दिवसांत कसं शक्य आहे, टूल्स जमा करून घ्यायचे असतात, उचल वळती करायची असते. अहो, हजेरी पंचिंग मशीनवर आहे, पगार एक्सेलमध्ये आहे, उचलीची वही टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे. आम्ही मागच्या तीन राजीनाम्यांना करून बघितलं, एक दुपार लागते.

कन्सल्टंट मंडळींवर माझा राग नाही, एकेक माणूस साठ-सत्तर कंपन्यांची चलनं भरतो, पीएफची 15 तारीख, ईएसआयची 15, प्रोफेशन टॅक्स, जून-डिसेंबरचा वेल्फेअर फंड, ते काम कोणीतरी करायलाच पाहिजे. पण चलन भरणं वेगळं आणि आपल्या माणसांना काय द्यायचंय हे माहीत असणं वेगळं. आमच्याकडे एकदा किमान वेतनाचा विशेष भत्ता, जो आपल्या राज्यात दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैपासून बदलतो, तो जुन्याच दराने पाच महिने जात राहिला. कन्सल्टंटकडून राहून गेलं. हेल्परच्या पगारात फरक तीनशे-चारशे रुपयांचा, पण पाच महिन्यांचा आणि सात माणसांचा. ती चूक पकडली कोणी? त्यातल्याच एकाच्या मुलीने, बारावीतली मुलगी, मोबाईलवर दर बघून वडिलांना सांगितलं. कायद्याच्या नजरेत ती चूक कन्सल्टंटची नव्हतीच, माझी होती, आणि पैसे दिले नाहीत असं म्हटलं तर दिलेत हे सिद्ध करायची जबाबदारीही माझ्यावरच आहे, हेसुद्धा वेतन संहितेत लिहून ठेवलंय.

आता ग्रुपवरचा सगळ्यात दमदार मुद्दा, ज्याला मी खरंच मानतो. "आपण सगळं पाळू, पण शेजारच्या गाळ्यातला पाळत नाही, त्याचा रेट आपल्यापेक्षा कमी, कस्टमर त्याच्याकडे जातो." खरं आहे, जॉबवर्कमध्ये पैशा-पैशावर ऑर्डर फिरते. पण हा मुद्दा नवा नाही हो. 1881 चा पहिला फॅक्टरी ॲक्ट आला तेव्हा मुंबईच्या गिरणीमालकांचं म्हणणं अगदी हेच होतं, की हे सगळं इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचं कारस्थान आहे, आमचा माल महाग पडावा म्हणून आमच्यावर कायदे लादतायत. आणि त्यात तथ्य होतं! लँकेशायरच्या मालकांना भारतीय मजुरांचा कळवळा वगैरे काही नव्हता, त्यांना स्पर्धा नको होती. पण त्या कायद्यात होतं काय? सात वर्षांखालच्या मुलाला गिरणीत लावू नका, आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नका. कायदा आणणाऱ्याचा हेतू खोटा होता म्हणून सहा वर्षांच्या पोराला साच्यावर उभं करणं बरोबर ठरत होतं का?

कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज दिला, त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर अंगावर येतात, रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, आणि पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. नुसता वेळेवर पगार! रविवारच्या सुट्टीला 10 जून 1890 उजाडला, आणि 1891 च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि अर्ध्या तासाची विश्रांती आली. 1936 च्या कायद्याने हजार माणसांच्या आतल्या कारखान्यांना पगारासाठी 7 तारीख ठरवून दिली. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये मजूर खात्याचे सदस्य असताना आठ तासांच्या दिवसाचा पाठपुरावा झाला आणि 1946 च्या दुरुस्तीने आठवड्याचे 54 तास 48 वर आले. या प्रत्येक पायरीवर मालक म्हणाले की धंदा बुडेल. गिरण्या पुढे बुडाल्या, पण रविवारच्या सुट्टीने नाही बुडाल्या, 1982 चा संप, जुनाट यंत्रं, पॉवरलूमची स्पर्धा, जमिनीचे भाव, त्याची कारणं परळ-लालबागच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. शेजारचा पाळत नाही हे सगळ्यांनी पाळावं असं म्हणायचं कारण आहे, कायदाच नको म्हणायचं कारण ते कसं होईल? प्रामाणिक मालकाला शेजाऱ्याकडून होणाऱ्या नुकसानीपासून वाचवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे दोघांनाही सारखाच लागू होणारा आणि खरोखर लागू केला जाणारा नियम.

युनियनच्या बाजूने जे लोक बोलतायत त्यांनाही दोन शब्द. 300 च्या मर्यादेबद्दलची तुमची भीती खरी आहे, मुदतीच्या कराराने नेमलेल्या माणसाला एका वर्षात ग्रॅच्युइटी मिळणार ही चांगली गोष्ट असली तरी कायम नोकरीच्या जागी करारच होत जातील हीही भीती खरी आहे, त्यावर भांडा. पण "सगळं गेलं" एवढंच सांगत राहिलात तर आमच्या त्या सेटरला हे कोण सांगणार की त्याची ग्रॅच्युइटी 29 हजारांनी वाढलीय? जिथे युनियन पोचलेलीच नाही अशा पंधरा-वीस माणसांच्या गाळ्यांत या राज्यातले बरेच कामगार आहेत, तिथे कायदा सांगणारा माणूस एकच असतो, मालक. आणि त्याला येत नसेल तर मग फॉरवर्ड.

सरकारकडे माझी मागणी मोठी नाही. ब्रिटनमध्ये नोकरीविषयक कायद्यांतले बदल शक्यतो 6 एप्रिल आणि 1 ऑक्टोबर या दोन ठरलेल्या तारखांना लागू करायची पद्धत पाडली होती, आपल्याकडे विशेष भत्ता तर आधीच 1 जानेवारी आणि 1 जुलैला बदलतो, मग केंद्राचे-राज्याचे सगळे बदल त्याच दोन तारखांना बांधून टाका, आणि मजकूर निदान तीस दिवस आधी द्या. कायम पुढच्या तारखेपासून, मागच्या नाही. दुसरं, मराठीत द्या. दुकानाची पाटी मराठीत पाहिजे म्हणून कायदा झाला, सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली आणि पाट्या लागल्या, फार चांगलं झालं. कारखान्याच्या भिंतीवर कायद्याचा गोषवारा कामगाराला कळणाऱ्या भाषेत लावायचा हे 1948 च्या फॅक्टरी ॲक्टमध्येच होतं. मग माझ्या माणसांना कळेल असा चार कोडचा साध्या मराठीतला गोषवारा, आकडे घालून, उदाहरणं देऊन, कामगार खात्याने स्वतः का काढू नये? माझा तो कागद, 40,000 चा हिशोब मांडलेला, मी झेरॉक्स काढून नोटीस बोर्डवर लावला तर दोन दिवस त्याच्यासमोर गर्दी होती, पोरं आपापली स्लिप घेऊन उभ्या उभ्या हिशोब करत होती. आणि तिसरं, नव्या कोडमध्ये इन्स्पेक्टरला फॅसिलिटेटर, म्हणजे मदत करणारा, म्हटलंय, पहिल्या चुकीला आधी लेखी सूचना देऊन दुरुस्तीची संधी द्यायची असं आहे, ते खरोखर तसं वागवा. दारात सरकारी गाडी दिसली की पोटात गोळा येतो तो जर गेला तर निम्मे मालक आपणहून विचारायला येतील.

तो सेटर परवा पुन्हा केबिनमध्ये आला होता. त्याचा मेव्हणा जवळच्याच एका गाळ्यात आहे, आठ माणसांचं काम आहे. तिथे हे लागू आहे का म्हणून विचारत होता. यावेळी मला सांगता आलं, ग्रॅच्युइटी दहा माणसांपासून, त्यामुळे ती नाही, पण वेतन संहितेला माणसांची मर्यादा नाही, पगार 7 तारखेच्या आत आणि पगाराची स्लिप हे त्याला मिळालंच पाहिजे. म्हणाला, "दोन वर्षं झाली शेठ, स्लिप कधी बघितलीच नाही त्याने. मागायला गेला तर म्हणतील उद्यापासून येऊ नको." मग थोडं थांबून म्हणाला, तुम्हीच सांगा ना त्याच्या मालकांना, तुमच्या असोसिएशनमध्ये आहेत ते.

केला फोन. सुरुवातीला बोलणं जरा चढलं, मग मी तो कागदच पाठवला त्यांना. पुढच्या पगारापासून स्लिप देतो म्हणालेत. 7 तारखेला कळेल.